गाडी जुनी झाली, म्हणजे नेमके काय झाले?

आमच्या सोसायटीच्या गेल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत लिफ्टवरून दीड तास वाद झाला. लिफ्ट २२ वर्षांची आहे आणि गेल्या पावसाळ्यापासून ती अधूनमधून दोन मजल्यांच्या मध्ये थांबू लागली होती. एका गटाचे म्हणणे, जुनी झाली, काढून नवी बसवा. दुसऱ्याचे म्हणणे, एवढी वर्षे चालली तर आणखी पाच चालेल, उगाच खर्च कशाला. दोन्ही बाजूंचे आवाज पुरेसे चढल्यावर तळमजल्यावरच्या काकांनी विचारले की लिफ्टचे वायररोप शेवटचे कधी बदलले होते. याचे उत्तर कोणाकडेच नव्हते. देखभालीची फाइल आधीच्या समितीच्या सचिवांकडे होती आणि सचिव सहा महिन्यांसाठी मुलाकडे अमेरिकेला गेले होते. जिच्यावरून आम्ही दीड तास भांडलो, तिच्याविषयी वयापलीकडे आम्हाला काहीच माहीत नव्हते.

शहराच्या सार्वजनिक वाहतुकीविषयी आपण पुणेकर जे बोलतो ते बहुतेक वेळा याच जातीचे असते. मागचे झाकण उघडून आणि पाठीमागे झाडाची फांदी टाकून रस्त्याच्या कडेला उभी असलेली बस दिसली की ‘गाड्या जुन्या झाल्या आहेत’ हा निकाल आपल्या तोंडी तयार असतो. तो खोटा नसतो, पण अपुरा असतो. लंडनच्या भुयारी रेल्वेच्या बेकरलू मार्गावर १९७२च्या बनावटीच्या गाड्या पन्नाशी ओलांडल्यावरही प्रवासी वाहत राहिल्या आणि बॉस्टनमधल्या मॅटापॅन मार्गावरच्या ट्राम तर १९४०च्या दशकात बांधलेल्या आहेत. याउलट चार-पाच वर्षांतच खिळखिळी झालेली बसही आपण पाहिलेली असते. वय हे गाडीच्या प्रकृतीचे एक लक्षण आहे. ते निदान नाही.

हे निदान करण्याच्या आणि त्यावरून खर्च ठरवण्याच्या शास्त्राला असेट मॅनेजमेंट म्हणतात. त्याचे ‘मालमत्ता व्यवस्थापन’ हे मराठी रूप रूढ होत आहे, पण पुण्यात मालमत्ता म्हटले की आधी मालमत्ता कर आठवतो, त्यामुळे अर्थ थोडा उलगडून सांगायला हवा. आपल्याकडे काय काय आहे, ते कोणत्या अवस्थेत आहे, त्यातले काय बिघडले तर किती नुकसान होईल आणि म्हणून हातात असलेला मर्यादित पैसा व मनुष्यबळ आधी कुठे लावायचे, हे आठवणीवर किंवा आरडाओरडीवर न सोडता नोंदींवरून ठरवण्याची ही पद्धत आहे. २०१४ साली आयएसओ ५५००० या नावाने तिची आंतरराष्ट्रीय मानके आली, आणि २०१६ साली अमेरिकेने असा नियम केला की केंद्र सरकारचे अनुदान घेणाऱ्या प्रत्येक शहरी वाहतूक संस्थेने आपल्या वस्तूंची यादी, त्यांची अवस्था आणि त्यांच्या दुरुस्तीचा व बदलाचा आराखडा ठेवलाच पाहिजे.

यादी ठेवायची, यात एवढे काय, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण पुणे महानगर परिवहन महामंडळाचे उदाहरण घेऊ. पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी या दोन संस्था २००७ साली एकत्र करून पीएमपीएमएल झाली. दोन संस्था एकत्र येतात तेव्हा प्रवाशाला फक्त बसचा रंग आणि तिकिटावरचे नाव बदललेले दिसते. आत मात्र दोन भांडारे, दोन प्रकारच्या वह्या आणि एकाच सुट्या भागाची दोन नावे एकत्र नांदवावी लागतात. शिवाय ‘काय काय आहे’ या प्रश्नाचे उत्तर केवळ बसची संख्या देऊन संपत नाही. डिझेल, सीएनजी आणि विजेवर चालणाऱ्या गाड्या ही यादीची फक्त सुरुवात झाली. स्वारगेट, कात्रज, कोथरूड, हडपसर, भोसरी, निगडी अशा आगारांतले पिट, जॅक, हवेचे कॉम्प्रेसर, धुलाईची यंत्रे, चार्जर, तिकीट यंत्रे, थांब्यांची शेड, बीआरटीच्या (बससाठी राखीव मार्गिकांच्या) स्थानकांची दारे, एवढेच काय, आगारात पावसाचे पाणी वाहून नेणारी गटारेसुद्धा या यादीत असावी लागतात, कारण पिटमध्ये पाणी साचले तर त्या दिवशी गाडीच्या पोटाखाली उतरून कोणी काम करू शकत नाही.

यादी अर्धवट असली की काय होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण इंग्लंडमधल्या हॅटफील्डचे आहे. १७ ऑक्टोबर २००० रोजी तिथे वेगात जाणारी गाडी रुळावरून घसरली आणि ४ जण मृत्युमुखी पडले. रुळाच्या आतल्या कडेला थकव्यामुळे सूक्ष्म तडे गेले होते आणि गाडीखाली रुळाचे अक्षरशः शेकडो तुकडे झाले. हा दोष आधीच लक्षात आलेला होता आणि बदलण्यासाठी नवे रूळ उपलब्धही झालेले होते. ते वेळेत बसवले गेले नाहीत. त्याहून मोठा धक्का नंतर बसला. असेच तडे आणखी कुठे कुठे आहेत, हे रूळमार्गांची मालक असलेल्या रेलट्रॅक कंपनीला खात्रीने सांगता येईना, कारण कोणत्या ठिकाणचा रूळ किती जुना आणि कोणत्या अवस्थेत आहे याची भरवशाची एकत्र नोंद तिच्याकडे नव्हती, आणि देखभालीचे काम तिने बाहेरच्या ठेकेदारांकडे दिलेले होते. मग खबरदारी म्हणून देशभर हजाराहून अधिक ठिकाणी वेगावर बंधने घालावी लागली आणि अनेक महिने वेळापत्रक कोलमडले. एका वर्षात कंपनी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आली आणि २००२ साली तिची जागा नेटवर्क रेलने घेतली. अपघात एका रुळाने केला होता, पण संपूर्ण जाळे ठप्प केले ते अज्ञानाने.

यादी झाली की पुढचा प्रश्न अवस्थेचा. अमेरिकेत यासाठी १ ते ५ असे गुण देण्याची पद्धत आहे: ५ म्हणजे नव्यासारखे, १ म्हणजे निकामी होण्याच्या बेतात, आणि इमारतीसारख्या गोष्टीचे गुण ३च्या खाली गेले की ती चांगल्या अवस्थेत नाही असे धरले जाते. बससाठी तिथे १४ वर्षे हे उपयुक्त आयुष्याचे सर्वसाधारण माप मानतात. परंतु नुसते गुण पुरेसे नसतात, त्यांना परिणामाची जोड द्यावी लागते. फाटलेले आसन आणि झिजलेले ब्रेक लायनर या दोन्हींना २च गुण मिळाले, तरी पहिल्याने प्रवाशाची विजार खराब होते आणि दुसऱ्याने जीव जाऊ शकतो. बिघाडाची शक्यता आणि बिघाडाचा परिणाम यांचा गुणाकार करून कामाचा क्रम लावणे हा या शास्त्राचा गाभा आहे, आणि कात्रजचा घाट उतरणाऱ्या बसला हा क्रम कर्वे रस्त्यावरून धावणाऱ्या बसपेक्षा वेगळा लागू होतो, कारण परिणाम रस्त्यावरही अवलंबून असतो.

यंत्र म्हातारे कसे होते, याविषयी एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. पूर्वी अभियंते असे मानत की यंत्राच्या बिघाडांचा आलेख पसरट घमेल्याच्या उभ्या छेदासारखा असतो: नवेपणी बारीकसारीक तक्रारी जास्त, मधली वर्षे सुरळीत आणि अखेरीस पुन्हा तक्रारींचा चढ. म्हणून ठरावीक वर्षांनी भाग बदलून टाकले की झाले, असा समज होता. १९७८ साली युनायटेड एअरलाइन्सच्या दोन अभियंत्यांनी अमेरिकी संरक्षण खात्यासाठी विमानांच्या भागांचा अभ्यास मांडला, तेव्हा असे दिसले की फार थोडे भाग वयाबरोबर स्पष्टपणे अधिक बिघडू लागतात. ८९ टक्के भागांत तसा चढ आढळलाच नाही. उलट, नीट चाललेला भाग उगाच उघडून नवा बसवला की नवेपणीच्या तक्रारी पुन्हा सुरू होण्याचा धोका असतो. घरी चांगल्या चाललेल्या मिक्सरला ‘सर्व्हिसिंग’ करून आणल्यावर तो बंद पडल्याचा अनुभव ज्यांनी घेतला आहे, त्यांना हा निष्कर्ष पटायला अहवाल वाचावा लागणार नाही. बस अर्थात विमान नाही. टायर, लायनर, क्लच प्लेट, पट्टे यांसारखे घासून झिजणारे भाग तिच्यात बरेच असतात आणि त्यांना किलोमीटरचा हिशेब चोख लागू पडतो. विजेचे आणि इलेक्ट्रॉनिक भाग मात्र वय पाहून बदलण्यापेक्षा तपासत राहणे शहाणपणाचे ठरते.

म्हणून देखभालीच्या तीन तऱ्हा एकमेकींत मिसळून वापराव्या लागतात. बिघडल्यावर दुरुस्त करणे ही पहिली, आणि ती सरसकट वाईट नाही: आतला दिवा गेला की बदलावा, त्यासाठी आधी योजना आखण्याची गरज नाही. ठरावीक दिवसांनी किंवा किलोमीटरनंतर गाडी आगारात घेऊन तपासणे ही दुसरी. बसच्या जगात मोठ्या तपासणीला ‘डॉकिंग’ म्हणतात. तिसरी तऱ्हा म्हणजे लक्षणे पाहून काम करणे, म्हणजे इंजिनातल्या तेलाचा नमुना तपासून धातूचे कण वाढले आहेत का पाहणे, बेअरिंगचे तापमान मोजणे, ब्रेकच्या टाकीतली हवा भरायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतो आहे का याची नोंद घेणे. तिसरी तऱ्हा ऐकायला आधुनिक वाटते, पण अनुभवी चालक ती रोज कानाने करत असतो. अडचण एवढीच की त्याच्या कानाने टिपलेले कुठे लिहिले जात नाही.

हे सगळे माहीत असूनही तपासण्या का चुकतात, हे समजून घेण्यासाठी एक काल्पनिक आगार डोळ्यांसमोर आणा. तिथे १२० बस आहेत, रोज सकाळी १०८ बस मार्गावर सोडायच्या आहेत, म्हणजे १२ बस हाताशी शिल्लक. प्रत्येक बस दिवसाला २०० किलोमीटर धावते आणि ९,००० किलोमीटरनंतर तिचे डॉकिंग करायचे असे धरले, तर प्रत्येक बसची पाळी ४५ दिवसांनी येते आणि रोज साधारण ३ बस डॉकिंगसाठी आत लागतात. उरल्या ९. त्यातल्या ७ सुट्या भागांची वाट पाहत उभ्या आहेत आणि २ अपघाताच्या दुरुस्तीत आहेत. हिशेब बरोबर शून्यावर आला. आता पहाटे एक बस सुरूच झाली नाही, तर आगारप्रमुखापुढे दोनच वाटा उरतात: एक फेरी रद्द करून प्रवाशांच्या आणि वरिष्ठांच्या तोंडाला तोंड द्यायचे, किंवा डॉकिंगला लावलेली बस बाहेर काढायची. तो दुसरी वाट निवडतो, आणि त्याच्या जागी आपणही तीच निवडली असती. जिचे डॉकिंग हुकले ती बस तीन आठवड्यांनी भर रस्त्यात बंद पडते, तेव्हा शिल्लक आणखी एकाने घटलेली असते आणि दुसऱ्या बसचे डॉकिंग हुकते. यात कोणी आळशी नाही की बेजबाबदार नाही. प्रत्येक निर्णय त्या सकाळपुरता योग्यच आहे. आगार मात्र उतरणीला लागलेले आहे.

याच उतरणीवर पुढे एक वळण येते, ज्याविषयी आगाराबाहेर फारसे बोलले जात नाही. भाग मिळत नाही म्हणून उभ्या असलेल्या बसचा अल्टरनेटर, म्हणजे वीज तयार करणारा भाग, काढून दुसऱ्या बसला लावतात. एकीचे काढून दुसरीला लावल्याने आजचा दिवस निघतो, पण उभी असलेली बस, जी एका भागासाठी थांबली होती, ती आता दोन भागांसाठी थांबते, मग चारांसाठी, आणि काही महिन्यांनी तिचा नुसता सांगाडा उरतो. एकच काम दोनदा होते, कारण भाग काढायचाही वेळ लागतो आणि बसवायचाही. शिवाय तो अल्टरनेटर किती चालला होता, ही माहिती पहिल्या बसच्या कागदांतच राहते. म्हणून प्रमुख भागांना स्वतःचा क्रमांक आणि स्वतःचा इतिहास असावा लागतो. इंजिन, गिअरबॉक्स, टायर हे गाडीपासून सुटे होऊन फिरतात, तेव्हा त्यांची कुंडली त्यांच्याबरोबर फिरली पाहिजे. टायरच्या बाबतीत अनेक परिवहन संस्था हे नीट करतात, कारण रिट्रेड (झिजलेल्या टायरवर नवा थर चढवणे) किती वेळा झाले याच्याशी सरळ पैशाचा संबंध आहे. तीच शिस्त इतर भागांना लावायची आहे, नवे काही शोधायचे नाही.

आणि सुटा भाग वेळेवर का मिळत नाही? बहुधा खरेदीची पद्धत बिघाडाच्या वेगाशी जुळत नाही म्हणून. वापराची नोंद असेल तर पावसाळ्याआधी किती वायपर, किती होज पाइप, किती बेल्ट लागतील हे मार्च महिन्यातच सांगता येते. नोंद नसेल तर जूनमध्ये मागणीपत्र निघते आणि भाग गणपतीत येतात. रेडिएटरच्या एका होज पाइपची किंमत किरकोळ असते. तो वेळेत न बदलल्याने पाणी गळून इंजिन तापले आणि हेड वाकले, तर खर्च कित्येक पटींनी वाढतो. देखभालीतले बहुतेक मोठे खर्च हे आधी लहान खर्च होते. नुसती साफसफाईही यात येते. लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकात १८ नोव्हेंबर १९८७ रोजी लाकडी सरकत्या जिन्याखाली साचलेल्या ग्रीस आणि कचऱ्याने पेट घेतला आणि ३१ जणांचा बळी गेला. ठिणगी बहुधा पेटत्या काडीची होती, पण इंधन वर्षानुवर्षे न झालेल्या सफाईने पुरवले होते.

आता पैशाकडे वळतो, कारण खरी गाठ तिथे आहे. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत एक फार शहाणी तरतूद आहे: प्रत्येक सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या दरवर्षी किमान ०.२५ टक्के सिंकिंग फंडात आणि ०.७५ टक्के दुरुस्ती निधीत गोळा करायचे. म्हणजे रोजची डागडुजी वेगळी आणि एक दिवस सगळेच बदलावे लागेल त्याची तजवीज वेगळी. सभासद त्यावर कुरकुर करतात, पण पैसा बाजूला पडत राहतो. बससेवेला असा फंड क्वचितच असतो. नवी बस भांडवली खर्चातून येते. तिच्यासाठी केंद्राची योजना असते, राज्याचे अनुदान असते, हार-तुरे आणि हिरवा झेंडा असतो. तिचा होज पाइप मात्र महसुली खर्चातून येतो, आणि तो खर्च वर्षाअखेरीस ज्या आकड्यात जाऊन मिसळतो त्याला आपण ‘संचलन तूट’ म्हणतो. पीएमपीएमएलची ही तूट पुणे महापालिका ६० टक्के आणि पिंपरी-चिंचवड महापालिका ४० टक्के भरते. तूट हा शब्दच असा आहे की ती कमी केल्याचे कौतुक होते. ती कमी करण्याचा सर्वांत सोपा, सर्वांत न दिसणारा मार्ग म्हणजे यंदाची दुरुस्ती पुढच्या वर्षावर ढकलणे. माझ्या मते देखभालीचा खर्च तुटीच्या आकड्यातून बाहेर काढून स्वतंत्र दाखवला, आणि ‘या वर्षी करायला हवी होती पण न केलेली कामे’ ही रक्कम ताळेबंदाशेजारी छापली, तर महापालिकेच्या सर्वसाधारण सभेतली चर्चा एका वर्षात बदलेल.

एकगठ्ठा खरेदीचा एक तोटाही नोंदवायला हवा. जेएनएनयूआरएम या शहरांच्या पायाभूत सुविधांसाठीच्या केंद्राच्या योजनेच्या निधीतून देशातल्या शहरांनी थोड्या काळात मोठ्या संख्येने बस घेतल्या. एकदम आलेल्या गाड्या एकदमच म्हाताऱ्या होतात. त्यात १ एप्रिल २०२३ पासून सरकारी मालकीच्या, महापालिकांच्या आणि परिवहन उपक्रमांच्या १५ वर्षांवरील वाहनांची नोंदणी चालू न ठेवण्याचा केंद्राचा नियम लागू झाला, त्यामुळे २००८च्या सुमारास घेतलेल्या गाड्यांची प्रकृती कशीही असो, त्यांची तारीख एकाच वेळी ठरली. दरवर्षी ताफ्याचा पंधरावा हिस्सा बदलत राहिले असते तर ना खरेदीचा डोंगर उभा राहिला असता, ना निवृत्तीची दरी पडली असती.

ढकललेली देखभाल परत कशी येते, याचा धडा न्यूयॉर्कने दोनदा गिरवला. १९७०च्या दशकातल्या आर्थिक संकटात तिथल्या भुयारी रेल्वेची दुरुस्ती वर्षानुवर्षे पुढे गेली आणि १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अशी वेळ आली की गाड्या सरासरी सुमारे ७ हजार मैल धावल्या की बंद पडत. १९८२पासून पाच-पाच वर्षांचे भांडवली आराखडे सुरू झाले आणि पुढच्या दोन-तीन दशकांत हे अंतर एक लाख मैलांच्या पुढे गेले. मग पुन्हा ढिलाई आली आणि जून २०१७मध्ये गव्हर्नरांना भुयारी रेल्वेसाठी आणीबाणी जाहीर करावी लागली. वॉशिंग्टनची मेट्रो तर १९७६ची, म्हणजे तुलनेने तरुण. तिथे जानेवारी २०१५मध्ये विजेच्या केबलमधून निघालेल्या धुराने एका प्रवासी महिलेचा मृत्यू झाला; मार्च २०१६मध्ये पुन्हा केबलला आग लागली, तेव्हा १६ मार्चला कामाच्या दिवशी संपूर्ण मेट्रो बंद ठेवून तपासणी केली गेली आणि २६ ठिकाणी केबल खराब आढळल्या. त्यानंतर वर्षभर मार्गांचे एकेक तुकडे बंद ठेवून कामे झाली. मुंबईकरांना यात नवल वाटणार नाही, कारण रविवारचा मेगाब्लॉक ते कित्येक वर्षे सोसत आले आहेत. मेगाब्लॉकला शिव्या देणे सोपे आहे, परंतु तो जाहीर करून, दर आठवड्याला, ठरलेल्या वेळेत घेतला जातो, हाच त्याचा गुण आहे. न घेतलेला ब्लॉक स्वतःची वेळ स्वतः निवडतो, आणि ती बहुधा सोमवारी सकाळची असते.

पुण्यात आज बऱ्याच बस महामंडळाच्या मालकीच्या नाहीत. ठेकेदार गाडी आणतो, चालवतो, सांभाळतो आणि त्याला प्रतिकिलोमीटर ठरलेला दर मिळतो. २०१९पासून आलेल्या विजेवरच्या बस याच पद्धतीच्या. यात देखभालीची डोकेदुखी गेली असे वाटते, पण तिचे स्वरूप फक्त बदलते. कराराची पहिली वर्षे चांगली जातात, कारण गाडी नवी असते आणि ठेकेदाराला ती अजून बरीच वर्षे चालवायची असते. शेवटच्या दोन वर्षांत तिच्यावर खर्च करण्यात त्याचा फायदा नसतो. म्हणून करारात दंडाबरोबरच माहितीचा हक्क लिहून घ्यावा लागतो: प्रत्येक गाडीची बिघाडनोंद, बदललेले भाग आणि विशेषतः बॅटरीची उरलेली क्षमता. वाहनातल्या लिथियम बॅटरीची क्षमता मूळच्या ८० टक्क्यांवर आली की तिचे गाडीतले आयुष्य संपत आले असे साधारणपणे धरतात, आणि ती किती वेगाने तिथे पोचते हे उष्णतेवर, चार्जिंगच्या सवयींवर अवलंबून असते. ही नोंद ठेकेदाराच्या संगणकात राहिली, तर हॅटफील्डनंतर रेलट्रॅकची जी गत झाली तीच आपली होईल.

मेट्रोचा उल्लेख इथे अनेकांना अकाली वाटेल. ६ मार्च २०२२ रोजी वनाज ते गरवारे महाविद्यालय आणि पिंपरी-चिंचवड महापालिका ते फुगेवाडी हे पहिले टप्पे सुरू झाले, आणि सप्टेंबर २०२४मध्ये गाडी भुयारातून स्वारगेटपर्यंत पोचली. सगळे चकचकीत आहे. पण मेट्रो ही एका वयाची वस्तू नाही. तिचे खांब आणि भुयार शंभर वर्षांच्या हिशेबाने बांधतात, डबे साधारण तीस वर्षे चालतात आणि सिग्नल, संगणक, तिकीटदारे यांतली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा पंधरा-वीस वर्षांतच जुनी होते. तिचे जुने होणेही निराळे असते: यंत्रातले सर्किट कार्ड बिघडलेले नसते, पण ते बनवणे कारखान्याने बंद केलेले असते. शिवाय शेकडो सरकते जिने, लिफ्ट आणि भुयारातले पंप एकाच दोन-तीन वर्षांत बसवलेले असल्याने त्यांच्या मोठ्या दुरुस्तीची पाळीही एकत्रच येणार. आज यंत्र नवे असताना त्याचे बारीक आवाज, तापमान, विजेचा वापर नोंदवून ठेवणे स्वस्तात होते. बारा वर्षांनी ‘निरोगी असताना हे कसे होते’ हे कळण्याचा दुसरा मार्ग उरत नाही.

या कामासाठी लागणारे ज्ञान पुण्याला बाहेरून आणावे लागणार नाही. भोसरीला केंद्रीय सडक परिवहन संस्था १९६७पासून देशभरच्या परिवहन उपक्रमांतल्या लोकांना शिकवत आली आहे. दापोडीला एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा आहे, जिथे जुन्या चासीवर अॅल्युमिनियमऐवजी पोलादाची नवी बॉडी चढवून गाड्यांना दुसरा जन्म दिला गेला. ज्या एसटीची पहिली बस १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर धावली, तिच्या कारागिरांनी किती प्रकारच्या गाड्या हाताळल्या असतील याची कल्पना करावी. हे ज्ञान हातांत असते आणि हात निवृत्त होतात. एखाद्या ठरावीक मॉडेलच्या गिअरबॉक्सचा आवाज ऐकून कोणता बेअरिंग गेला हे सांगणारा फिटर ५८व्या वर्षी सत्काराचा नारळ घेऊन घरी जातो, तेव्हा आगारातले एक उपकरण कमी होते. त्याच्याबरोबर शेवटची दोन वर्षे एक तरुण ठेवणे आणि दोघांनी मिळून केलेल्या कामाची मराठीत, फोटोंसह नोंद ठेवणे, याला निविदा काढावी लागत नाही.

चालकाच्या तक्रारीचेही तसेच. पाळी संपल्यावर चालक ‘ब्रेक ओढतो’, ‘स्टेअरिंग जड’ असे लिहितो. दुसऱ्या दिवशी तीच गाडी तशीच मिळाली आणि तिसऱ्या दिवशीही तशीच मिळाली, की चौथ्या दिवसापासून तो लिहिणे बंद करतो आणि कागदावर गाडी सुधारते. म्हणून किती तक्रारी आल्या हे मोजण्याऐवजी तक्रारीला उत्तर किती दिवसांत गेले हे मोजावे, मग उत्तर ‘भाग नाही, १२ तारखेला येईल’ असे का असेना. ब्रेकडाऊनच्या आकड्याचीही अशीच गंमत आहे. दर दहा हजार किलोमीटरमागे किती वेळा बस बंद पडली, हे चांगले माप आहे. पण अर्ध्या तासात सुरू झालेली बस बंद पडली असे धरायचे की नाही, यावर तो आकडा हवा तसा नाचवता येतो. व्याख्या एकदा ठरवून दहा वर्षे न बदलणे, हे त्या आकड्याच्या लहान-मोठेपणापेक्षा महत्त्वाचे असते.

आमच्या लिफ्टची फाइल अखेर सापडली. सचिवांनी व्हिडिओ कॉलवर सांगितले की ती त्यांच्या पलंगाखालच्या बॅगेत आहे, आणि शेजाऱ्यांकडच्या किल्लीने ती निघाली. वायररोप सहा वर्षांपूर्वीच बदललेले होते, त्याची पावती होती. थांबण्याच्या तक्रारी मात्र गेल्या तीन वर्षांत बहुतेक जून ते सप्टेंबर याच महिन्यांत होत्या, आणि त्या दाराच्या संपर्क-स्विचच्या होत्या. वार्षिक देखभालीचा करार असलेल्या एएमसीवाल्याने वर चढून पाहिले तेव्हा गच्चीवरच्या मशीनरूमच्या खिडकीची काच फुटलेली होती आणि पावसाची झड थेट पॅनेलवर येत होती. काच बसवली, पॅनेलमधल्या गंजलेल्या जोडण्या आणि दोन मजल्यांचे स्विच बदलले. नवी लिफ्ट घ्यायची की नाही हा विषय पुढच्या सभेच्या पत्रिकेवर आहे, आणि या वेळी पत्रिकेला फाइलची प्रत जोडलेली आहे.